कारखान्याला नाटक कावून पायजे?

साखर कारखान्यात उसाचा रस निघाला की मागं उरतो तो चोथा. आम्ही त्याला बगॅस म्हणायचो. हंगाम जोरात असतो तोवर त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. हंगाम संपला, पट्टा थांबला, की मागच्या बाजूला जाऊन बघावं तर डोंगर उभा! आमच्या नाटक मंडळाच्या किश्श्यांचं असंच झालंय. घडत होते तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. आता आम्ही सगळे रिटायर. बीडला कुणाच्या ना कुणाच्या लग्नात गाठ पडते, पंगतीत एकजण म्हणतो, "आबांचं ते आठवतं का बे?" आणि मग वाढपी जिलेबी घेऊन समोर ताटकळला तरी आमचं ताटाकडं लक्ष नसतं.

मी कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. रस किती गोड, एवढंच सांगायचं माझं काम. नाटकं लिहायची जबाबदारी माझ्यावर आली ती माझ्या प्रतिभेमुळं नाही. कोरे कागद तेवढे लॅबमध्ये भरपूर असायचे, म्हणून!

*

मंडळ काढलं भगवान आबांनी. आबा टर्बाइनवर फिटर. शाळा सातवीपर्यंत, पण पाच पानांचं स्वगत दोनदा ऐकलं की पाठ. त्यांनी अर्ज दिला, की कामगारांना नाट्यमंडळ काढू द्यावं आणि तालमीसाठी गाडीतळावरची, म्हणजे उसाच्या बैलगाड्या थांबतात तिथली, पत्र्याची शेड द्यावी. संचालकांच्या बैठकीत बोलावणं आलं. आबा मला सोबत घेऊन गेले.

एका संचालकांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "आबा, कारखान्याला नाटक कावून पायजे? त्यानं साखरेचा उतारा वाढतो का?"

"न्हाई वाढत साहेब."

"मग?"

"तुमच्या सभेला माणसं ट्रक लावून आणावी लागत्यात. नाटकाला चालत येत्यात."

मी मनातल्या मनात दोघांचे राजीनामे लिहून टाकले. पण चेअरमनसाहेब खो खो हसले आणि त्यांनी अर्जावर सही केली. अट एकच: पहिला अंक झाला की त्यांचं भाषण, दुसरा अंक त्यानंतर. माणूस हुशार होता. दुसऱ्या अंकात काय होतंय हे कळल्याशिवाय कोण उठून जाईल?

तिसऱ्या वर्षी साहेबांनी आबांना बाजूला घेतलं. "आबा, लोक बसून राहतात खरे, पण जांभया देतात. काय करू?"

आबांनी त्यांना दिग्दर्शन केलं. "साहेब, महत्त्वाचं बोलायच्या आधी गप व्हा. त्याला पॉज म्हणत्यात. पब्लिक श्वास धरतं."

पुढच्या प्रयोगाला साहेब माईकवर आले. तीन वाक्यं झाली. चौथं सुरू केलं, "आणि म्हणून बंधू-भगिनींनो, मी आज ठरवलंय..." आणि पॉज घेतला. पब्लिकला वाटलं, संपलं! टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पेटीवाल्यानं सूर धरला, पडदेवाल्यानं पडदा ओढला, आणि दुसरा अंक चालू!

साहेब विंगेत आले, घाम पुसला. "आबा, पॉज लई भारी व्हता. पुढचं कुनाला नकोच व्हतं बघा."

*

सुरुवातीची सहा वर्षं आमची हिरॉईन म्हणजे बाबू. युसूफ वडगाव या गावचा, वजनकाट्यावर क्लार्क. दिवसभर ट्रॅक्टरवाल्यांशी भांडून घसा बसलेला असायचा. पण तालमीला आला की त्याच घशानं असा काही लाजायचा, की समोर बसलेले फिटर लोक उगाच इकडंतिकडं बघायला लागायचे.

मग कारखान्याच्या दवाखान्यात लता सिस्टर आल्या. त्यांना नाटकात काम करायचं होतं. सासूबाईंनी अट घातली, "मी संग येनार." आल्या, आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसल्या. आठव्या दिवशी सिस्टर वाक्य विसरल्या, तर खुर्चीतून आवाज आला, "अगं, 'दार उघडं हाय' म्हन की! आन मग तू आत जातीस!" तेव्हापासून आमच्या प्रॉम्प्टर त्याच. पुस्तक नाही, चष्मा नाही, अख्खं नाटक तोंडपाठ!

पण बाबूचं काय? आबांनी त्याला पोस्टमनची भूमिका दिली. बाबू दोन दिवस तालमीला फिरकला नाही. मी काट्यावर गेलो, तर खिडकीत बसून पावत्यांवर शिक्के मारत होता. वर न बघताच म्हणाला, "खरी बाई आली न्हवं. मग खोटीचं काय काम?"



तिसऱ्या दिवशी आला तो सरळ स्टेजवर. नवरा गेल्याचं ऐकून बाई खाली बसते, तो प्रसंग चालू होता. सिस्टर धपकन बसल्या. बाबू म्हणाला, "असं न्हाई सिस्टर."

"मग कसं?"

"तुमी बाई हायत, ते खरं. पन स्टेजवर बाई दिसावं लागतं. ते शिकायचं असतं."

आणि त्यानं पॅंट-शर्टातच करून दाखवलं. पदर नव्हता तो सावरला. भिंत नव्हती, तिला एक हात लावला, आणि तो हात न काढता हळूहळू खाली बसला. शेवटी बसल्यावरही हात भिंतीलाच.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "बाबू, माझं मालक गेलं तवा मी अशीच बसलते रे. तुला कुनी सांगितलं?"

*

गाडीतळावर ऊसतोडीच्या बैलगाड्या तासन्‌तास नंबर लावून उभ्या असायच्या. त्यातल्याच एका गाडीवरची कौसाबाई. नवरा गाडीपाशी झोपायचा, ही शेडच्या दारात उभी राहून तालीम बघायची. एकदा सिस्टर जात्यावरचं गाणं म्हणत होत्या. मी लिहिलेलं. मला त्याचा अभिमान होता.

"हे गानं कुनी लिवलं?" दारातून प्रश्न आला.

"मी."

"तुमी कधी दळलंय का?"

"न्हाई."

"म्हनूनच. जात्याचा फेरा अर्ध्यात असतो, तवाच तुमी दम तोडताय. दगड जागेवर थांबंल की!"

आबा टुणकन उठले. "बाई, तू म्हन." ती तिथंच दारात, डोक्यावरची मोळी सावरत म्हणायला लागली, आणि माझ्या गाण्याचा विषयच संपला. आबांनी ठरवलं, प्रयोगात गाणं हीच म्हणणार.

पण स्टेजवर उभी केली तर आवाज फुटेना. दोन दिवस झाले, तीन झाले. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "आबा, हात रिकामं असल्यावर मला गानं येत न्हाई."

मग प्रयोगात तिच्यापुढं उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्यांचा, ढीग टाकला. ती खाली बसली आणि वाढ्याच्या पेंढ्या बांधता बांधता गायली. कशी गायली ते मला लिहून सांगता येणार नाही. टाळ्या पडत होत्या, पण तिनं मान वर केली नाही. शेवटची पेंढी बांधली, सगळ्या डोक्यावर घेतल्या आणि स्टेजवरून उतरून चालायला लागली.

"बाई, कुठं? तुझा अजून एक प्रवेश हाय!" मी मागं धावलो.

"बैलं उपाशी हायत माझी."

आबा विंगेतून म्हणाले, "जाऊ द्या तिला. तिचं गानं बी झालं आन बैलाची वैरन बी झाली. आपल्याला अजून नुसतं नाटकच येतंय."

*

मग ती दुष्काळाची दोन वर्षं आली. ऊसच नाही, तर कारखाना काय गाळणार? चिमणी थंड. गाडीतळावर गाड्यांऐवजी जनावरांची छावणी उभी राहिली. आसपासच्या गावांतली माणसं आपापली गुरं घेऊन तिथंच राहायला आली. आबांनी फळ्यावर लिहिलं: छावणीत नाटक.

त्याच दिवशी गावातले एक तरुण मास्तर तावातावानं आले. "आबा, लोक घोटभर पाण्यासाठी वणवण फिरतायत आणि तुम्हाला नाटक सुचतंय? लाज वाटत नाही?"

उत्तराला कधी न चुकणारे आबा त्या दिवशी मला एवढंच म्हणाले, "मास्तर बरोबर बोललं." आणि फळा स्वतःच्या हातानं पुसला.

तीन दिवसांनी छावणीतल्या सात-आठ बायका शेडवर आल्या. पुढं सोनाबाई, मेंढरं-गुरं राखणाऱ्या घरातली, आवाज खणखणीत.

"आबा, नाटक कावून बंद केलं?"

"बाई, दिवस कसलं आन नाटक कसलं?"

"जनावराला चारा येतोय. टँकर येतोय. कमी का जास्त, येतोय. पन आमी सा महिनं एकमेकीची तोंडं बघत बसलोय. जो उठतो तो पान्याचंच बोलतो. आमच्याशी कुनीतरी दुसरं कायतरी बोला की!"

"काय बोलू?"

"राजाचं बोला, रानीचं बोला. खोटं बोला! खरं आमाला ठावं हाय."

आबांनी खडू घेतला. प्रयोगाच्या दिवशी सतरंज्या अंथरायला सगळ्यांच्या आधी मास्तर हजर होते.

*

राजा-राणी म्हटल्यावर मागं राजवाड्याचा पडदा हवा. तो गोरख पेंटरकडं. गोरखचं रोजचं काम म्हणजे कारखान्यातल्या पाट्या आणि पाण्याच्या टाक्या रंगवणं. त्या वर्षी टाक्या रंगवून करणार काय? निळा रंग तसाच पडून होता. चार दिवसांनी पडदा उलगडला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत नदी!

"गोरख, राजवाडा कुठाय?" आबांनी विचारलं.

"नदीच्या पल्याड हाय आबा. हितनं दिसत न्हाई, एवढंच."

पडदा वाळायला छावणीत टांगला. एक आजी काठी टेकत आली. "ही आमची सीना न्हवं?"

"व्हय आजी."

"मग वळनावरचा उंबर कुठाय?"

गोरखनं उंबर काढला. दुपारी दुसऱ्या गावचा एक गडी आला. "ही सिंदफणा हाय का?" गोरख म्हणाला, "व्हय." त्याच्यासाठी धुण्याचे दगड काढले. कुणाला मांजरेच्या काठचं देऊळ हवं होतं. कुणी कपिलधारला जाऊन आलेलं, त्याला कोपऱ्यात धबधबा पाहिजे. गोरख कुणालाच नाही म्हणेना. आठ दिवसांत काठावर बोट ठेवायला जागा राहिली नाही.

आबा वैतागले. "अरे, एकच नदी एवढ्या गावांतनं कशी जाईल?"

गोरख ब्रश धुवायला वाटीभर पाणी जपून ओतत होता. "सध्या एकच हाय आबा. सगळ्यांनी पुरवून वापरायची."

*

प्रयोग दुपारी तीनला ठेवला. राजाची भूमिका बाबूनं मागून घेतली होती. पोस्टमन होऊन कंटाळला होता बिचारा. दुसऱ्या अंकात प्रधानाची फितुरी उघड होते आणि राजा त्याला फाशी देतो. बाबूनं तलवार उपसली, "प्रधानजी..." आणि टँकरचा हॉर्न वाजला!

एका मिनिटात मैदान मोकळं. समोर चेअरमनसाहेब आणि दोन म्हशी. सिस्टर राणीच्या वेशात घागर घेऊन पळाल्या. बाबूही मुकुटासकट हंडा घेऊन पळाला आणि गडबडीत रांगेच्या मधेच घुसला.

सोनाबाईनं त्याचा शेला धरला. "राजा असशील तिकडं! हितं मागं लाग!"

राजे निमूट मागं गेले. अर्ध्या तासानं हंडे-घागरी ठेवून सगळे परत बसले, बाबूनं पुन्हा तलवार उपसली, आणि म्हणाला, "प्रधानजी, तुम्हाला आम्ही माफ केलं!"

मी विंगेत कपाळावर हात मारला. पडदा पडल्यावर त्याला धरलं. "अरे, फाशी होती तिथं! पुढचा अख्खा प्रवेश गेला माझा!"

"सायेब, मी काय करू? लायनीत सगळ्यांनी इच्यारलं, प्रधानाचं काय करनार? चर्चा झाली. सगळ्यांचं म्हननं पडलं, सोडा. आधीच गावात मानसं कमी राह्यलीत."

*

तेच नाटक आम्ही शहरात स्पर्धेला नेलं. संपल्यावर परीक्षकांनी मुद्दाम बोलावून घेतलं. विद्वान माणूस, बोलणं मऊ. "राणी राजासमोर रिकामी घागर उपडी करते, हे सत्तेच्या पोकळपणाचं विलक्षण प्रतीक आहे. कुणाला सुचलं?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. सिस्टर अवघडून म्हणाल्या, "सर, घागरीत पाणी असणार होतं. ते राजाच्या पायावर ओतायचं होतं. पण इथं नळाला पाणी दिसलं, आणि आमच्या सासूबाईंनी..."

"काय केलं त्यांनी?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "भरलेली घागर घरी न्यायला यष्टीत ठिवलीय, हिला रिकामी दिली. कुनी हात लावू नका!"

मग कागदावर लिहिलेलं काहीतरी परीक्षकांनी खोडलं. काय ते आम्हाला कधी कळलं नाही.

*

छावणीत धोंडिबा तात्या म्हणून एक म्हातारे होते. एकच बैल घेऊन आलेले. त्याचं नाव माणक्या. जोडीतला दुसरा आदल्या साली मेला होता. मुलगा म्हणायचा, "एका म्हाताऱ्या बैलावर शेती व्हती का? व्यापारी दर आठवड्याला येतोय, देऊन टाका." तात्यांनाही ते कळत होतं. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक कसलं मिळतं, तेही कळत होतं. ते हो म्हणाले.

पण त्याआधी काखेत एक कोरा पत्रा घेऊन गोरखकडं आले. "पेंटर, ह्याच्यावर माझा माणक्या काढून दे. गेल्यावर दिसाया पायजे."

"तात्या, मला नदी येती, झाडं येत्यात. बैल कधी काढला न्हाई."

"बघून बघून काढ. घाई न्हाई."

गोरख रोज दुपारी माणक्यासमोर बसायला लागला. पहिल्या आठवड्यात नुसती पाठीची रेघ झाली. व्यापारी टेम्पो घेऊन आला. तात्या म्हणाले, "आज न्हाई. चित्र व्हायचंय." दुसऱ्या आठवड्यात वशिंड आणि शिंगं. तिसऱ्या आठवड्यात गळ्याखालची पोळी, मागच्या पायावरचा जुना व्रण.

व्यापाऱ्यानं पत्रा बघितला. "झालं की हे!"

"डोळं राह्यलेत," गोरख म्हणाला.

चौथ्या आठवड्यात डोळे राहिलेले. पाचव्या आठवड्यातही. व्यापारी चिडला. "आरं, दोन ठिपकं तर द्यायचेत!"

गोरखनं मान वर न करता ब्रश त्याच्यापुढं धरला. "घ्या. तुमी द्या."

व्यापाऱ्यानं पत्र्याकडं बघितलं, माणक्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं. ब्रश काही घेतला नाही. पुढं त्यानं यायचंच सोडलं.

माळावर पुन्हा गवत आलं आणि छावणी उठली. तात्या एका हातात माणक्याचं दावं आणि काखेत पत्रा घेऊन चालत घरी गेले. पत्रा दारावर लावला. येणारा-जाणारा विचारायचा, बैलाला डोळे का नाहीत? मीही एकदा गोरखला म्हणालो, "अरे, मारुतीच्या देवळात दरवर्षी तू डोळे रंगवतोस. निवडणुकीला चेअरमनचे रंगवतोस. मग बैलाचेच का जमत नाहीत?"

"न्हाई जमत सायेब," म्हणाला आणि ब्रश पुसत बसला.

माणक्या त्यानंतर चार वर्षं जगला. कामाला असा जुंपलाच नाही. तात्या रानात निघाले की मागं मागं जायचा आणि बांधावर उभा राहायचा. परत आला की सून दारात त्याच्यापुढं पाण्याची बादली ठेवायची. पोळ्याला त्याची शिंगं रंगवायला गोरख न चुकता जायचा.

एका सकाळी तात्यांच्या मुलाचा निरोप आला. माणक्या गेला. मी आणि गोरख सायकली काढून गेलो. बांधावर माती अजून ओली दिसत होती. तात्या ओट्यावर बसले होते. गोरखनं पिशवीतून काळ्या रंगाची डबी आणि सगळ्यात बारीक ब्रश काढला. ते बघून तात्या आत गेले, स्टूल आणलं, दारात ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

गोरख वर चढला. दहा मिनिटंही लागली नाहीत.

तो उतरला तेव्हा तात्यांनी वर बघितलं. बघतच राहिले. मग आत तोंड करून सुनेला हाक मारली, "पेंटरला च्या टाक गं." जरा थांबले. "आन दारात पान्याची बादली आनून ठेव."